दोन मळ्यांची एक वही

दुपारी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. राहीबाईच्या बागेच्या वहीत चार दिवसांपूर्वी औषध मारल्याची नोंद आहे, म्हणून औषधाचा अंश उतरेपर्यंत थांबायचं, उद्याची तोड बंद. राहीबाईनं महिनाभर बागेला औषध लावलं नव्हतं. साखर भरून घड तट्ट झाले होते. आठवडाभर तोड लांबली तर माल परदेशी काय, तासगावच्या बाजारातसुद्धा कुणी हुंगणार नव्हतं.

ती तडक बांध ओलांडून धाकट्या जावेच्या, संयोगिताच्या बागेत गेली आणि मजुरांदेखत सुटली.

"माझ्या वहीत तुझं औषध घुसडलंस व्हय गं? बाग वाटून घेतलीस, तरी पोट भरलं न्हाई?"

"आक्का, मी फोनवर सांगते, तुमची नात लिवती. मला त्या मशीनीतलं काय कळतंय?"

"न कळणाऱ्याच लय करत्यात!"

संयोगिता पाठ फिरवून मजुरांकडं गेली. राहीबाई घरच्या शेडमध्ये परतली आणि तिनं कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

शेडमधला कॉम्प्युटर तासगावच्या अफताबनं बसवलेला. दोन्ही बागांच्या औषधांच्या वह्या त्यातच. अफताब मोटारसायकलवरून आला, आपला लॅपटॉप वायरीनं त्याला जोडला आणि बराच वेळ बघत बसला.

"काकी, दोन्ही वह्यांचं नाव यमाईच कुणी ठेवलं?"

"मी. का?"

औंधची यमाई ही घरची देवी. तिच्या नावाच्या मळ्याचे वाटणीत दोन तुकडे झाले, पण नाव सोडायला एकही जाऊ तयार होईना. तेव्हा सहीपुरतं शिकलेल्या राहीबाईनं नातीच्या पाटीवर पाहिलेली इंग्रजी अक्षरं आठवून निकाल दिला होता, थोरलीच्या वहीला मोठी अक्षरं, धाकटीच्या वहीला बारीक. त्या निकालाचा तिला भारी तोरा होता. भावकीत कुणालाही सांगायची.

"हा शेडमधला कॉम्प्युटर मोठं-बारीक वेगळं धरतो," अफताब म्हणाला. "म्हणून यात दोन वह्या हायत. पण साताऱ्याला तुमच्या नातीच्या लॅपटॉपला मोठं-बारीक सगळं एकच. माझाबी तसलाच. हे बघा, नावं दोन दिसत्यात, पण कुठलंबी दाबा, तुमचीच वही उघडती. धाकट्या काकींची वही दिवाळीपासून कोरी हाय."

दिवाळीत नात प्रियदर्शनी नोकरीसाठी साताऱ्याला गेली होती. तेव्हापासून दोघी जावांच्या नोंदी ती तिथूनच, इंटरनेटवरून या कॉम्प्युटरात भरायची. राहीबाईनं तिला फोन लावला.

"आजी, कामावरनं आल्यावर डोळे मिटत असतात गं. खाली एक ओळ लिहायची की बंद. वरच्या ओळी कोण बघतंय?"

"बघत जा. न्हाईतर डोळे काढून ठेव तिथं," राहीबाई म्हणाली, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

"आता यातल्या माझ्या ओळी येगळ्या काढ," तिनं अफताबला सांगितलं.

"कशा काढू? औषधं दोघींची सारखीच. कुणी तारखा टिपल्यात का?"

राहीबाईनं कधीच टिपल्या नव्हत्या. मशीन असताना टिपायच्या कशाला? संयोगिता मात्र पंपाच्या खोलीत भिंतीवर कोळशानं लिहायची, आणि राहीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भिंत दाखवून हसायची.

अफताबनं दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी ती उठली आणि त्याला घेऊन पुन्हा बांधाकडं चालू लागली. मघाशी टांगभर वाटलेला बांध आता सरेना.

पंपाच्या खोलीच्या दारात संयोगिता उभी होती. राहीबाईनं वहीची गत सांगितली. झाल्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणावं असं वाटत होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "भिंत बघायची हाय."

"हसायला?"

"न्हाई गं."

संयोगितानं भिंतीला टेकवलेल्या गोण्या बाजूला ओढल्या. चार दिवसांपूर्वीची तारीख तिथं होती, दिवाळीपासूनच्या सगळ्या होत्या. अफताबनं फोटो काढले आणि जमिनीवर मांडी घालून लॅपटॉपवर तिच्या ओळी वेगळ्या केल्या.

"एका वहीचं नाव बदलायला लागतंय, काकी. न्हाईतर परत हेच. कुणाचं बदलू?"

राहीबाईनं भिंतीवरच्या तारखांकडं एकदा पाहिलं.

"माझं बदल," राहीबाई म्हणाली. "माझ्या रानाचा गट नंबर टाक."

"रागानं म्हणताय?" संयोगितानं विचारलं.

"राग यायला अंगात बळ लागतंय बाई. देवी ऱ्हाऊ दे तुझ्याकडं."

अफताबनं दोन्ही वह्या आणि भिंतीचे फोटो कंपनीला पाठवले. तासाभरानं उत्तर आलं. राहीबाईची तोड ठरल्याप्रमाणं उद्याच. संयोगिताच्या बागेला मात्र औषधाचे दिवस भरेपर्यंत थांबावं लागणार होतं.

"माझ्या तोडीला बायका कमी हायत," राहीबाई जमिनीकडं बघत म्हणाली.

"किती वाजता यिऊ?"

"सहाला."

संयोगितानं मान हलवली आणि गोण्या पुन्हा भिंतीला लावायला घेतल्या. राहीबाई खाली वाकली, एका गोणीचं टोक धरलं. उचलेना, तेव्हा नुसतं धरून उभी राहिली.