मंगळाची वाकडी बाजू

मिस्त्रींचं उभं आयुष्य लाकूड सरळ करण्यात गेलं होतं. भिंतीवरची तसबीर बोटभर कललेली दिसली, तर परक्या घरातही ते उठून ती नीट करायचे. अशा माणसाच्या हातात मुलीने मंगळ दिला.

विज्ञान संग्रहालयाच्या नव्या दालनात मंगळाची प्रतिकृती ठेवायची होती. मुलगी तिथल्याच संशोधन विभागात नऊ वर्षं या ग्रहावर काम करत होती. "माझे बाबा करतील," असं तिने संचालकांना छातीठोकपणे सांगितलं. चौथीत शाळा सुटलेला माणूस हे करणार म्हटल्यावर विभागात काही जण गालातल्या गालात हसले, हेही मिस्त्रींच्या कानावर आलं होतं. आज तीन वाजता संचालक पाहायला येणार होते. पोरीचा शब्द खाली पडता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्यांना स्वच्छ कळत होती. बाकी सगळा आनंदच होता.

आठ दिवस ते तिच्या आराखड्यासमोर डोकं खाजवत बसले होते. सूर्याकडून वारा येतो म्हणे. झाडं हलवणारा नव्हे; विजेने भारलेल्या बारीक कणांचा, सेकंदाला चारशे किलोमीटर. तो तांब्याच्या तारांनी दाखवायचा. गोळ्याच्या आत चुंबकं बसवायची, म्हणजे वर टाकलेला लोखंडाचा कीस तिथे तिथे उभा राहील. चुंबकं अकरा, चिमुकली, आणि जवळपास सगळी खालच्या अर्ध्या भागात, कशीही विखुरलेली. वरचा अर्धा भाग जवळजवळ मोकळा. तारा तर गोळ्याला घासूनच गेलेल्या.

घाईत पोरीची चूक झाली असणार, असं मिस्त्रींनी ठरवलं आणि ती चूक पोटात घातली. ती चिमुकली चुंबकं त्यांनी डब्यात टाकली. गोळ्यात वरपासून खालपर्यंत एकच जाडजूड चुंबक बसवलं, काटकोन तपासायचा गुण्या लावून. तारा चांगल्या वीतभर लांबून वळवल्या. कीस दोन्ही टोकांना सारखा उभा राहिला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

बारा वाजता मुलगी आली. दोन्ही टोकांना उभा राहिलेला कीस तिने पाहिला.

"बाबा, ही तर पृथ्वी झाली."

मिस्त्रींनी गोळा फिरवून पुन्हा एकदा पाहिला. "अगं, तुझं चित्र वाकडं होतं. मी सरळ केलं."

"मंगळच वाकडा आहे. पृथ्वीसारखं मोठं चुंबक त्याच्या पोटात उरलेलं नाही. जमिनीत नुसते तुकडे राहिलेत, तेही बहुतेक खालीच."

"मग एवढा वारा अडवतं कोण?"

"वाराच. तो येताना सूर्याचं चुंबकत्व घेऊन येतो. ते मंगळाच्या वरच्या हवेवर साचतं आणि त्याचीच ढाल होते."

"म्हणजे मारणाऱ्याच्याच काठीची ढाल?"

"तसंच काहीसं. पण गळकी. हवा थोडी थोडी निसटत राहते."

मिस्त्रींच्या डोक्यावरून निम्मं गेलं. तरी चुंबक उपसता उपसता त्यांनी विचारलं, "आणि तुकडे खालीच का?"

"माहीत नाही."

"तुला ठाऊक नाही, की मला सांगत नाहीस?"

"कुणालाच नक्की ठाऊक नाही, बाबा. प्रत्येकाचा तर्क वेगळा."

"मग नऊ वर्षं तिथे करतेस काय?"

"गोंधळते," ती हसून म्हणाली. "पगारी."

मिस्त्रींनी हातातला पेचकस खाली ठेवला. अडाणी म्हणून आपल्यालाच कळत नाही, म्हणून ते आठ दिवस मनातल्या मनात कुढत बसले होते. त्यांना एकदम हलकं वाटलं आणि पोरीची कीवही आली. मग दोघांनी मिळून अकरा तुकडे वेडेवाकडे बसवले आणि तारा पुन्हा गोळ्याला घासून वळवल्या. प्रत्येक वेळी मिस्त्रींचा हात गुण्याकडे जायचा आणि मुलगी तो मागे ओढायची.

तीनला संचालक आले, मागे ते हसणारेही आले. संचालकांनी गोळ्याला एक फेरी मारली, चष्मा वर केला.

"मिस्त्री, हे सगळं एकाच बाजूला का?"

मुलीने तोंड उघडलं, पण मिस्त्री आधी बोलले. तिचे परीक्षेचे गुण ते पूर्वी शेजाऱ्यांना ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात.

"माहीत नाही, साहेब. आणि हिलाही माहीत नाही!"