एकशे विसाव्या आकड्यावर

कॉम्प्युटर क्लासच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती; मला वर्तमानपत्राने बातमीसाठी पाठवलं होतं. पडद्यावर एकेक आकडा वाढत होता आणि मशीनच्या माथ्यावर महाराजांचा तळहात होता.

"ज्याला वाटेल त्याने थांबवा! माझा हात आहे तोवर याला मरण नाही."

पोस्टमनने थांबवायची बटणं दाबली. शिंप्याने दाबली. आकडे चालूच. महाराज आत्मा, कर्म आणि मेमरी यांवर दम न खाता बोलले, मग त्यांनी हात उचलला. आकडे तिथेच थांबले. बायका रडू लागल्या.

"यंत्राचं मरण अडवलं, माणसाचं नाही अडवणार?"

पहिल्या खेळातल्या याच वाक्यावर विसंबून क्लासच्या सरांच्या बहिणीने नवऱ्याची गोळी बंद केली होती. हृदयाची झडप बदललेल्या माणसाची, रक्त पातळ ठेवणारी गोळी. नऊ दिवस झाले होते. "ठणठणीत आहेत," ती सांगायची.

पुढच्या खेळाला लोकांची बटणं दाबून झाल्यावर सर वही घेऊन पुढे आले.

"महाराज, आज हात जरा जास्त वेळ ठेवा."

"मशीनला त्रास होतो, बाळा."

"मशीन माझंच आहे. होऊ दे."

लोक हसले. आता हात काढता येईना. एकशे अठरा, एकोणीस, वीस. हात जागेवर असतानाच आकडे थांबले.

सरांनी महाराजांनी आणलेला प्रोग्राम उघडून दाखवला. "सुरुवातीलाच लिहिलंय, थांबण्याचा संदेश आला तर आत घेऊ नको. तो संदेश परत जात नाही, दाराशी उभा राहतो. एकशे विसाव्या आकड्यावर दार उघडतं, तो आत येतो, प्रोग्राम संपतो. महाराज नुसते आकडे बघून बोलतात. मागच्या तिन्ही वेळांची नोंद या वहीत आहे."

आरडाओरडा झाला. बहीण मात्र बसूनच राहिली.

"दादा, यांचं मरणही तसंच दाराशी उभं असेल का रे?"

"ऊठ आधी. घरी चल."

घरी सरांचे भावजी खुर्चीत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, कप फरशीवर. रक्ताची गाठ मेंदूत गेली होती. चौथ्या दिवशी ते गेले.

महाराजांच्या अटकेची बातमी मी पहिल्या पानावर दिली. भावजींना आतल्या पानावर दोन ओळी मिळाल्या.

गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला हात आणखी थोडा वेळ ठेवायला सांगा.