भाडेकरू हयात आहे काय?

रकाना १. भाडेकरूचे संपूर्ण नाव

हरेश्वर स्वयंभू आंबवणेकर.

अडतीस वर्षं भाडेपावतीवर हेच नाव आहे, आणि या नावाचा माणूस लालबागच्या त्या चाळीत कोणी कधी पाहिलेला नाही. खोली नंबर सतरामध्ये आंबवणे गावचे सव्वीस जण राहतात. सगळे गिरणीतले. पहिली पाळी उठते तेव्हा तिसरी झोपायला येते. प्रत्येकाची एक ट्रंक, प्रत्येकाचा एक खिळा, जेवण गंगुबाईच्या खानावळीत.

यंदा, म्हणजे अठ्ठावन्न साली, मालकाने चाळीची नव्याने नोंद काढली. नव्या मेहताजींनी दारोदार छापील फॉर्म दिला. भरलेला फॉर्म शनिवारपर्यंत त्यांच्या कचेरीत आणायचा, भाडेकरूने त्यांच्यासमोर सही करायची. भाडेकरू वारला असेल आणि त्याच्या घरातलं कोणी खोलीत राहत नसेल, तर खोली मालकाकडे परत.

रकाना २. वडिलांचे नाव

याचं उत्तर रकान्यात मावत नाही, समासात लिहावं लागतं.

एकोणीसशे वीस. खोली मिळाली, पण पावती कोणाच्या नावावर करायची? वरची वाडी म्हणाली आमच्यातला. खालची वाडी म्हणाली, का, आम्ही काय मेलो? गॅलरीत अर्धा तास भांडण. शेवटी कोणीतरी म्हणालं, लावा आपल्या हरेश्वराचं. तो दोन्ही वाड्यांचा.

तेव्हाचे मेहताजी घाईत होते. "बापाचं नाव?"

हरेश्वर म्हणजे गावचा देव; देवळातली त्याची पिंडी जमिनीतून आपोआप वर आलेली. वीस वर्षांच्या सीतारामला वाटलं, विचारलंय तर खरं सांगावं. "स्वयंभू," तो म्हणाला.

मेहताजींनी लिहिलं. आडनावाला गाव जोडलं. झाला भाडेकरू.

रकाना ३. वय

~~५८~~

ही खाडाखोड दत्तूची. दत्तू खोलीतला सगळ्यात बोलका. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आठवडाभर तुरुंगात जाऊन आल्यापासून तर कायद्यातलाही जाणकार.

"सीतारामदाजी आमचा हरेश्वर," तो म्हणाला. "ह्या मेहताजीला कोण ठाऊक? दाजींनी अंगठा उठवायचा, खलास."

"आणि सीताराम खंय गेलो म्हणून इचारल्यान तर?"

"गावाक गेलो म्हणायचा."

सगळे हसले. सगळ्यांना पटलंही. एक सीताराम सोडून.

"माका जमूचा नाय," तो म्हणाला.

"दाजी, एका अंगठ्याचा प्रश्न आहे."

"मेल्या, उद्या मी मेलंय म्हणजे? देव मेलो म्हणान लिवतलास? मगे खोली खंय?"

दत्तूने पेन घेतलं आणि आकडा खोडला.

रकाना ४. धंदा

इथे राजाराम जाधव येतो.

धोबीतलावला, कोर्टाच्या बाहेर, टेबल टाकून तो लोकांचे अर्ज लिहितो. राहतो वरळीला, बीडीडी चाळीत. त्याचा बाप सीतारामच्याच सूतकताईच्या खात्यात होता. दोघे पंधरा वर्षं शेजारच्या साच्यांवर उभे राहिले, पण या खोलीत त्या बापाला कधी पाणी दिलं गेलं नाही. राजाराम दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. सीताराम स्वतः त्याला बोलवायला गेला होता.

राजाराम उंबऱ्यातून सरळ आत आला, सीतारामच्या ट्रंकेवर बसला आणि म्हणाला, "चहा सांगा आधी. मग देव दाखवा."

चहा आला. खोलीतल्याच कपातून आला. तो सावकाश प्यायला.

"जाधवभाऊ, तुम्ही तर देव मानत नाही," दत्तू म्हणाला.

"नाही मानत. ती शपथच घेतलीय. पण कायदा मानतो, आणि कायदा तुमच्या देवाला मानतो. कोर्टात देव म्हणजे एक इसम. जमीन त्याच्या नावावर असते, दावा तो लावतो, त्याच्यावर लागतो. फक्त कायम अज्ञान. म्हणजे वयात न आलेला. म्हणून त्याच्या वतीनं वहिवाटदार सही करतो."

"म्हंजे आमचो देव लहान पोर?"

"कागदावर. भांडू नका त्याच्यापायी."

त्याने फॉर्म मांडीवर घेतला. वय: अज्ञान. छापील मजकूर इंग्रजी होता. तो मराठीत भरत गेला. दत्तूने विचारलं, चालेल का? राजाराम म्हणाला, राज्य मराठीत मागताय आणि फॉर्म भरायला घाबरताय?

"धंदा काय लिहू? करतो काय तुमचा हरेश्वर?"

"राखण," सीताराम म्हणाला.

धंदा: गावाची राखण.

रकाना ५. सोबत राहणाऱ्यांची नावे व नाते

सव्वीस नावं. जागा चौघांची. राजारामने पुरवणी जोडली.

"नातं? भक्त लिहू?"

"मी नाय भक्त," कोपऱ्यातून बुधाजी म्हणाला. "मी लाल बावटा."

"जत्रेक नारळ कोण फोडता रे?"

"ता वेगळा."

नाते: गावकरी. सव्वीस वेळा लिहिलं. 'वरीलप्रमाणे' म्हणून टिंबं द्या, असं दत्तू सांगत होता. राजाराम म्हणाला, टिंबांना कोर्टात कोणी विचारत नाही.

रकाना ६. भाडेकरू हयात आहे काय?

शनिवारी दुपारी कचेरीत सव्वीसपैकी एकोणीस जण उभे. उरलेले पाळीवर. मेहताजी चष्मा पुसून दोनदा वाचतात.

"ही चेष्टा आहे?"

"अडतीस वर्षं पावती तुम्हीच फाडताय," राजाराम म्हणतो. "कोणाच्या नावावर फाडलीत, ते तुम्ही सांगा."

"माणूस समजून!"

"आम्ही कुठे म्हटलं माणूस म्हणून? बापाचं नावसुद्धा खरं दिलंय. वाचा."

मेहताजी वाचतात. ओठ हलतात. स्वयंभू. मग लाल पेन उचलतात. सहावा रकाना कोराच आहे; तिथे 'मयत' लिहिलं की खोली मालकाची. निब कागदाला टेकतं. मेहताजी समोर उभ्या एकोणीस जणांकडे बघतात, भिंतीवरच्या स्वतःच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे बघतात.

"मी लिहिणार नाही," ते म्हणतात. "तुम्ही लिहा."

पेन सीतारामच्या हातात येतं. तो अंगठेवाला नाही; गिरणीच्या साक्षरता वर्गात तीन हिवाळे गेलेला आहे. मोठ्या, सुट्या अक्षरांत तो लिहितो: होय.

रकाना ७. सही

देव श्री हरेश्वर, मुक्काम आंबवणे, तर्फे वहिवाटदार सीताराम गोविंद परब. साक्षीदार राजाराम जाधव.

मेहताजींनी पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, पण ती सोडली नाही, दोन बोटांत धरून ठेवली.

"मालक कोर्टात जाईल हं."

"जाऊ दे की," राजाराम म्हणाला आणि प्रत ओढून घेतली. "मी रोज तिथंच असतो."

खाली रस्त्यावर आल्यावर एकोणीस जण त्याच्याभोवती उभे राहिले. फीचं काय, कोणीतरी विचारलं. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं असेल. तो घडी घालून प्रत सीतारामच्या हातात देत होता. सीतारामने ती घेतली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल रे, गंगुबाईकडे. आज पंगतीक माझ्या बाजूक बसायचा."

"मी मध्ये बसणार," राजाराम म्हणाला.

तो मध्ये बसला.