ओस्मोचा तीनचा सॉना

तळघरात, कपडे धुवायच्या खोलीच्या दारावर, नाताळच्या सॉनाची, म्हणजे इमारतीच्या सामाईक वाफेच्या न्हाणीघराची, वेळांची यादी लागली होती. ओल्या चादरींची बादली हातात धरून आउने ती तिसऱ्यांदा वाचत होती. चोवीस डिसेंबर, दुपारी तीन, बी-एकवीस.

तिथे ए-आठ, म्हणजे तिचं घर, असायला हवं होतं. एक्केचाळीस वर्षं तिथे ए-आठच होतं. इमारतीचे अध्यक्ष चार बदलले, सॉनातली भट्टी दोनदा बदलली, खालच्या बेकरीच्या जागी आधी व्हिडिओ कॅसेटचं आणि मग नखं रंगवायचं दुकान आलं. पण नाताळच्या आदल्या दिवशी तीन वाजता आउने आणि तिचा नवरा ओस्मो सॉनात असणार, हे हेलसिंकीच्या वाल्लिला भागातल्या त्या इमारतीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. वर्षभर कधीही अंघोळ करा, कुणी विचारत नाही. तो एक सॉना चुकला की नाताळच चुकला, मग टेबलावरचं डुकराचं मांस खा नाहीतर खिडकीतून फेका.

आणि यंदा तर तो चुकून चालणारच नव्हता. मार्चमध्ये ओस्मोला झटका आला. आयुष्यभर ट्राम चालवलेला माणूस डाव्या बाजूने लुळा पडला, बोलणं जड झालं, आणि त्याला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. ऑक्टोबरात एकदा त्याने पाच मिनिटं खटपट करून तीन शब्द जुळवले होते. "नाताळला. सॉना. घरचा." आउनेने डॉक्टरीणबाईंना विचारलं. खालच्या बाकावर, बेताच्या आचेत, दहा मिनिटं चालेल, पण धरायला दोन माणसं हवीत, असं त्या म्हणाल्या. मग तिला दाराबाहेर बोलावून आणखी एक गोष्ट सांगितली. पुढचा नाताळ धरून चालू नका.

तेव्हा बादली तिथेच ठेवून आउने दुसऱ्या मजल्यावर गेली आणि अध्यक्षांची बेल दाबून धरली. रौतिओ मोज्यांवरच दारात आले.

"रौतिओ, तुम्हाला आकडे वाचता येतात की चष्मा देऊ माझा?"

"माझ्यावर कशाला डाफरताय, आउने? तुमच्या किम्मोनेच लिहून दिलंय. ए-आठची वेळ यंदा बी-एकवीसला द्या म्हणून. मला वाटलं, तुमचं घरात बोलणं झालंय."

"झालंय तर," आउने म्हणाली. "आज होणार आहे."

बी-एकवीस म्हणजे ओस्मोच्या बहिणीचं घर. ती बिचारी मूलबाळ नसताना गेली आणि घर भाच्याला, म्हणजे किम्मोला, ठेवून गेली. किम्मो स्वतः तिथे राहत नाही, त्याचं घर एस्पोला आहे. इथे तो पाहुणे ठेवतो. दर तीन दिवसांनी नवे. त्यांच्या बॅगांची चाकं दगडी पायऱ्यांवरून खडखडत वर जातात आणि तीन दिवसांनी खडखडत खाली येतात. मधल्या वेळात हे लोक बाजारातल्या लाकडी टपऱ्यांवर मसाले घातलेला गरम रस पितात, कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर फोटो काढतात आणि आपण हेलसिंकीचा नाताळ पाहिला म्हणून घरी सांगतात. आउनेचा त्यांच्यावर राग नव्हता. कुठल्यातरी मऊ हवेच्या देशातून आलेले लोक, त्यांना काय कळणार. तिचा राग पोटच्या पोरावर होता आणि त्याने फोन उचलेपर्यंत तो चांगलाच उकळला होता.

"आई, मी सांगणारच होतो."

"कधी? ईस्टरला?"

"अगं, स्पेनमधून, व्हॅलेन्सियाचं एक कुटुंब येतंय. त्यांनी सॉना आहे म्हणूनच घर घेतलंय. नाताळचा खरा सॉना, असं मी जाहिरातीत लिहून बसलोय. आणि बाबांना तर काही जमणार नाही यंदा. ती वेळ फुकटच गेली असती ना?"

"जमणार नाही हे तुला कुणी सांगितलं? डॉक्टरीण जमेल म्हणते."

"डॉक्टरणीला काय जातंय म्हणायला? त्यांना उचलणार कोण? कपडे काढायचे, आत न्यायचं, धरून बसायचं..."

"तू."

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. मग किम्मो म्हणाला, "तेवीसला सकाळी सातची वेळ मोकळी आहे, ती घेऊन देतो तुला."

"तेवीसला तुझा बाप घरी नाहीये, किम्मो. चोवीसला अकरा ते सहा आहे. तुला माहीत आहे ते."

"आई, आता पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही."

"आणि बापाला येतं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

चार दिवस तिने घरातली सगळी कामं रागाने केली. बीट इतकं बारीक चिरलं की कोशिंबिरीची चटणी व्हायला आली. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं. मार्चपासून किम्मो एक रविवार सोडून बापाला भेटायला येत होता, पण पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून. कोट न काढता. हवेबद्दल बोलायचा, हॉकीबद्दल बोलायचा आणि वीस मिनिटांत गाडी कुठे लावलीय ते त्याला आठवायचं. नऊ महिन्यांत त्याने बापाचा हातसुद्धा धरला नव्हता. पाहुण्यांचं निमित्त झालं, एवढंच. तो बापाच्या अंगाला हात लावायला घाबरत होता आणि त्या घाबरण्यापायी त्याने बापाचा सॉना विकून टाकला होता.

चोवीसला अकरा वाजता चाकांच्या खुर्चीची टॅक्सी आली. ओस्मोने नवा शर्ट घातला होता, गुंडी एक घर वर लावलेली. आउनेने ती नीट लावून दिली आणि त्याला भात-दुधाची लापशी भरवली. बारा वाजता दोघांनी टीव्ही लावला. तुर्कू शहरातल्या सज्जातून दरवर्षीसारखी नाताळची शांतता जाहीर झाली, आणि जो कुणी ती मोडेल त्याला कडक शिक्षा होईल, हेही दरवर्षीसारखंच खणखणीत आवाजात वाचून झालं. आउनेने घड्याळ बघितलं.

"सॉना?" ओस्मो म्हणाला.

"तीनला," ती म्हणाली. तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. ते सांगायला तिची जीभ रेटलीच नाही.

दोन वाजता किम्मो आला. भेटवस्तूंची पिशवी झाडाखाली ठेवून तो बापासमोरच्या खुर्चीत बसला आणि फोनमध्ये बघायला लागला. कोट मात्र आज काढला होता. तीनला दहा कमी असताना तिने दोन टॉवेल आणि जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला बांधून फ्रीझरमध्ये ठेवलेली, सॉनात अंगावर मारायची बर्च डहाळ्यांची जुडी उचलली, आणि ती खाली गेली.

कपडे बदलायच्या खोलीत व्हॅलेन्सियाचं कुटुंब पोहायचे कपडे घालून उभं होतं. नवरा, बायको आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. सॉनाचं दार त्यांनी स्टूल लावून उघडं ठेवलं होतं आणि सगळी ऊब बाहेरच्या बोळात चालली होती. ते बघून आउनेच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने आधी स्टूल काढलं, दार लावलं, आणि मग दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांच्याकडे वळली.

बाई हसली. तिला वाटलं, ही सॉना दाखवायला आली आहे. तिने बाकावरची, पाहुण्यांसाठी घरात ठेवलेली माहितीची फाईल उचलून आउनेपुढे धरली. प्लास्टिकच्या कागदात घातलेलं पहिलं पान, आणि पानावर फोटो. अंगणातल्या बर्फात, कमरेला टॉवेल गुंडाळून, अंगातून वाफा निघत असलेला ओस्मो. एकोणचाळीस वर्षांचा, तोंड उघडं टाकून हसणारा.

हा फोटो आउने ऑक्टोबरपासून शोधत होती. तिला तो शुश्रूषागृहात ओस्मोच्या उशाशी लावायचा होता. अल्बमात त्याच्या जागी नुसते डिंकाचे चार डाग होते. किम्मोला विचारलं, तेव्हा पडला असेल कुठेतरी, असं तो म्हणाला होता.

फोटोखाली परक्या भाषेत काहीतरी लिहिलेलं होतं. आउनेने त्यावर बोट ठेवलं. बाईने आपला फोन त्या ओळींवर धरला, आणि फोनमधली एक बाई कोरड्या, सपाट आवाजात फिन्निश बोलू लागली. "दुपारी तीनची वेळ माझ्या वडिलांची होती. आता ती तुमची आहे. त्यांच्या आठवणीसाठी भट्टीवरच्या तापल्या दगडांवर एक पळी पाणी जास्त ओता."

ज्याच्या आठवणीसाठी पाणी ओतायचं तो माणूस तीन मजले वर, नवा शर्ट घालून, तिची वाट बघत बसला होता.

तिला येत होते तेवढे परके शब्द तिने गोळा केले. फोटोवर बोट आपटलं. "नवरा. माझा." बोट छताकडे. "वर. जिवंत."

बाईचं हसू गेलं. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि भराभरा काहीतरी सांगितलं, आणि मुलीने लगेच टॉवेल अंगाभोवती ओढून घेतला. कुणी वाद घातला नाही. दोन मिनिटांत ते तिघं ओल्या चपला हातात घेऊन जिना चढत होते. बाई दारात थांबून काहीतरी बोलली. माफीच असावी. आउनेने मान हलवली, पण गोड बोलायला तिच्याकडे त्या वेळी काही शिल्लक नव्हतं. फाईल तिने काखेत मारली.

वर येऊन तिने ती बिटाच्या कोशिंबिरीशेजारी, किम्मोच्या समोर आपटली.

"वाच. तुझ्या बापाला वाचून दाखव."

किम्मोचं तोंड पडलं. "आई, नाताळ आहे आज. शांततेत..."

"गेली खड्ड्यात शांतता. मला काय शिक्षा करायची ती तुर्कूवाल्यांना करू दे. वाच म्हणते ना."

त्याने वाचलं नाही. तेव्हा तिने स्वतः सांगितलं, शब्दाला शब्द, त्या फोनमधल्या बाईने सांगितलं होतं तसं. आठवणीसाठी एक पळी पाणी. ओस्मोने उजव्या हाताने फाईल जवळ ओढली. तो फोटोकडे पुष्कळ वेळ बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि जड जिभेने, एकेक शब्द ढकलत, मुलाला विचारलं.

"मी. कधी. मेलो?"

"बाबा, तसं नाही. ते नुसतं... लोकांना असलं काहीतरी आवडतं. गोष्ट असली की आवडतं त्यांना."

"लोकांना आवडतं," आउने म्हणाली. "फोटोतला बाप आवडतो. तुलाही तोच आवडतो. हा खुर्चीतला नको. याला धुवायचा, पुसायचा, उचलायचा, ते नको. म्हणून तू त्याला मारून टाकलास आणि वर भाड्याने दिलास."

"मला नाही बघवत, आई!" किम्मो ओरडला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "बस. झालं? मला त्यांच्याकडे असं बघवत नाही. ते मला उचलून त्या बाकावर बसवायचे आणि मी..."

"त्यालाही स्वतःकडे बघवत नाही," आउने म्हणाली. "तरी तो रोज सकाळी आरशासमोर बसतो, कारण दाढी करणारी नर्स खुर्ची तिथेच लावते. ऊठ. सव्वातीन झालेत. बापाचे बूट काढ."

तो उठला. मनापासून उठला असं मी म्हणणार नाही. आईच्या तशा आवाजापुढे पन्नाशीला आलेला माणूसही उठतो, एवढंच.

खाली उतरायला वेळ लागला. कपडे काढायला त्याहून जास्त लागला. किम्मोची बोटं त्या नव्या शर्टाच्या गुंड्यांवर अडखळत होती आणि आउनेने मुद्दाम मदत केली नाही. सॉनात घरचे सगळे उघड्यानेच बसतात; तिने स्वतःचे कपडे उतरवून खुंटीला टांगले, आत जाऊन आच बघितली आणि दगडांवर अर्धी पळी पाणी टाकलं. मग, चारला पाच कमी असताना, दोघांनी मिळून ओस्मोला आत आणलं. किम्मोने त्याला काखेत धरलं होतं. आधी हातभर लांबून, जसं एखाद्याने दुसऱ्याचं मूल धरावं. पण ओल्या फरशीवर ओस्मोचा डावा पाय घसरला, तेव्हा त्याला छातीशी घट्ट धरण्यावाचून किम्मोला गत्यंतर उरलं नाही. तसंच धरून त्याने त्याला खालच्या बाकावर बसवलं.

ओस्मोने डोळे मिटले. वाफ त्याच्या खांद्यांवर उतरली आणि त्याच्या घशातून एक लांब, समाधानाचा हुंकार निघाला. मार्चपासून आउनेने तो ऐकला नव्हता.

"पाठ," तिने किम्मोला सांगितलं आणि साबणाचं फडकं त्याच्या हातात कोंबलं.

किम्मो पुसल्यासारखं करू लागला.

"जोरात," ओस्मो म्हणाला. "फुटत. नाही. मी."

किम्मोने जोर लावला. पाठीचा तो वाळलेला, सुटलेला भाग, मग मान, मग लुळा हात. त्याने तो लुळा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि बोटांच्या मधे मधे धुतलं, कुणी न सांगता. आउने वरच्या बाकावरून सगळं बघत होती. तिचा राग उतरला नव्हता. फोटो चोरला होता त्याने. माणूस जिवंत असताना त्याच्या आठवणीचं दुकान मांडलं होतं. हे सगळं ती जानेवारीत काढणार होती, फेब्रुवारीतही काढणार होती.

चारला बाहेरचं दार वाजलं. पुढची वेळ वरच्या मजल्यावरच्या दोन बहिणींची होती आणि त्या वक्तशीर होत्या. पुन्हा वाजलं. आउने उठायला गेली, पण किम्मोने हातातलं फडकं खाली ठेवलं, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि साबणाने माखलेल्या हातांनीच तो बाहेर गेला. दार उघडल्याचा आवाज आला, मग बहिणींपैकी कुणाचं तरी कुरकुरणं, आणि मग त्याचा आवाज.

"थांबावं लागेल तुम्हाला. माझे वडील आत आहेत."

तो परत आला. आउनेने त्याला शाबासकी दिली नाही. तिने दगडांवर पाणी ओतलं आणि ओस्मोच्या पायांकडे बोट दाखवलं.

"ते राहिलेत अजून," ती म्हणाली.

किम्मो ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने बापाचा पाय हातात घेतला.