फुगा कुणी उचलला

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर टीव्ही आहे आणि त्याच्यावर एक इवलासा कॅमेरा बसवलाय. बटण दाबायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. नुसता हात वर केला, की पडद्यावरचा लाल फुगा वर जातो. गंमत आहे ना? आता असं समजा, की हात वर जातच नाही.

भिंगरीच्या बाबांचं तसं झालं होतं. ते रंगारी. छत रंगवावं तर त्यांनीच. एका सकाळी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. चिमटा काढला तरी कळेना. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी कॅमेरा घरी लावून दिला. "हाताकडे नाही, पडद्याकडे बघायचं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत जेवढं येईल तेवढंच, नंतर कठीण."

बाबा रोज बसत. फुगा जागचा हलत नसे.

"फुगा आहे की धोंडा?" आत्या म्हणायची. पहिल्या दिवशी बाबा हसले. आठव्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं.

नवव्या दिवशी भिंगरी त्यांच्या खुर्चीला टेकून मागे उभी होती. तिचा हात सहज वर गेला आणि फुगा उडाला. हात कुणाचा, हे कॅमेऱ्याला कळलंच नव्हतं.

"भिंगरे, गेला! पाहिलास?"

तिने पाहिलं होतं. बाबांचा हात मांडीवरच पडून होता. पण त्या दिवशी ते पोटभर जेवले. मग ती रोजच मागे उभी राहू लागली.

"सोमवारी शिडी काढ गं माझी," एके दिवशी बाबा आत्याला म्हणाले.

"आधी चमचा तर धर, दादा."

"तुझ्या जिभेला काही हाड! फुगा जातोय ना वर? चमचाही येईल."

महिनाभराने बाईंचा फोन आला. बाबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "रंगारीदादा, कॅमेऱ्यातून तुमचे आकडे येतात माझ्याकडे. कमाल केलीत! आता व्यायाम पुरे. उद्या माणूस येऊन कॅमेरा घेऊन जाईल."

बाबांचे डोळे भरून आले. तीन महिन्यांतला एक तर भिंगरीनेच खाऊन टाकला होता, आणि गप्प राहिली तर उरलेले दोनही जाणार होते. बोलावं तर बाबांचा हा चेहरा पुन्हा कधी दिसेल, कुणास ठाऊक.

ती खुर्चीमागून पुढे आली. "बाई, तो हात माझा होता."

बाई काहीतरी विचारत राहिल्या. आत्याने तोंडाला पदर लावला. बाबांनी मात्र पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून मांडीवरच्या हाताकडे पाहिलं.

भिंगरीने कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात बैठक मारली आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.