घंटा उतरवायच्या आदल्या दिवशी

व्हिक्टोरिया राणीच्या काळात गावाने पोटाला चिमटा काढून चर्च बांधलं होतं. पाडायला तीन आठवडे पुरले. मनोरा तेवढा राहिला, कारण त्यात घंटा टांगलेल्या होत्या. बाकी सगळं गवत. आता घंटाही उद्या सकाळी उतरवून दुसऱ्या गावी न्यायच्या होत्या.

हिल्डाने किटली टेबलावर आपटली. "क्लेम, आज तिच्यासाठी वाजव."

कोणासाठी, हे क्लेमंटने विचारलं नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांची मुलगी सकाळी जन्मली आणि दुपारी गेली. पाद्री उशिरा पोचला, बाप्तिस्मा राहिला, आणि बाप्तिस्मा नाही त्याच्यासाठी घंटा नाही, असा गावचा रिवाज. घंटेचा दोर होता क्लेमंटच्याच हातात. गावातल्या यच्चयावत मेलेल्यांसाठी त्याने टोल दिले, पोटच्या पोरीसाठी नाही. हिल्डाने त्याला रोज वेळेवर जेवायला वाढलं, पण माफ केलं नाही.

"नियम होता गं," तो पुटपुटला.

"नियम सांगणारं चर्चसुद्धा पाडलं त्यांनी! आता कोणाला भितोस, गवताला?"

क्लेमंटने कप बाजूला सारला. मग उठून त्याने कोट चढवला.

हिल्डा मनोऱ्याखाली जाऊन उभी राहिली. टोल पडला. मग दुसरा, मग तिसरा. तीन म्हणजे लहान मूल. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. आता वयाचे टोल, वर्षाला एक. पोस्टातली ऑलिव्ह दारात येऊन बोटांवर मोजायला सज्ज झाली.

पुढे काहीच वाजलं नाही.

"विसरला वाटतं तुझा म्हातारा," ऑलिव्ह म्हणाली. "वय राहिलं की गं वाजवायचं!"

"राहिलं नाही. वर्ष भरलंच नव्हतं." हिल्डा म्हणाली. "आमची मुलगी होती. फीबी."

ऑलिव्हने हात खाली घेतला.

क्लेमंट मनोऱ्याच्या दारात आला होता. दोराने घट्टे पडलेले तळवे त्याने तसेच उघडे धरले होते. "तू नाव ठेवलं होतंस?" त्याने विचारलं. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तू वाजवलं नव्हतंस."

तो पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. हिल्डा त्याच्याशेजारी बसली. तिलाही रडू आवरेना.