चुलत बहीण

पुतळाने ईराची मूठ आपल्या केसांतून सोडवली आणि चेहरा पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरला. दोन केस मुठीतच राहिले. ईरा ते तोंडात घालणार एवढ्यात तिने बोटाने अलगद ओढून घेतले.

"हलू नको," काचेपलीकडचा माणूस म्हणाला. "आणि ते पोर दे तिच्या आईकडे."

स्मिता जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीपलीकडे पोचली होती. तिच्या पासपोर्टवर शिक्का बसला होता, ऋषीच्या बसला होता, ईराच्याही. फक्त ईरा स्वतः अजून पट्टीच्या अलीकडे, पुतळाच्या कडेवर होती.

"राहू दे हो तिच्याकडेच. माझ्याकडे आली की रडेल," स्मिता हसून म्हणाली.

माणसाने पासपोर्टची पानं उलटली. शेवटच्या पानावर थांबला.

"मस्कतला कशाला?"

"फिराया."

'फिरायला' म्हणायचं, हे स्मिताने तिच्याकडून ऐरोलीच्या स्वयंपाकघरात कितीदा घोकून घेतलं होतं. कुकरच्या शिट्ट्या होत असताना स्मिता साहेब व्हायची आणि पुतळा भेंडी चिरता चिरता उत्तरं द्यायची. दोघी हसायच्या. पण आता तोंडातून तिचं सगळं नावडे गाव बाहेर आलं.

"कोणाबरोबर चाललीस?"

"ताईंबरोबर. चुलत बहीन हाय मी त्यांची."

माणसाने हातातला शिक्का खाली ठेवला. पासपोर्ट बंद करून बाजूला सरकवला.

"साहेबांच्या केबिनला जा. सर, मॅडम, सॉरी हां, तुम्हालाही जरा यावं लागेल."

ऋषीच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी मस्कतला पाठवलं होतं. 'आपण आता एक्सपॅट,' असं तो महिनाभर मित्रांना फोनवर सांगत होता. पुतळा कोण, हे त्या घरात कोणी ठरवलं नव्हतं. ईरा तीन महिन्यांची असताना ती कामाला लागली, तेव्हा तिची स्वतःची जाई अंगावर पीत होती. तळोज्याच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याचा, सीतारामचा, हात मशीनच्या पट्ट्यात गेला आणि तो घरी बसला; मग जाईला वाटीने दूध पाजायला सासू शिकली आणि पुतळा सकाळच्या पहिल्या बसने ऐरोलीला जाऊ लागली. मस्कतचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी सासूच म्हणाली होती, जा. तीन वर्षांत घर उभं राहील. आज निघताना आळीतल्या बायकांनी तिला ओवाळलं होतं. जाई दाराची कडी धरून उभी होती. पुतळाने मागे वळून पाहिलं नाही, कारण सासूने तसं बजावलं होतं.

केबिनच्या दाराशी अरुणा नावाची पोलीसबाई उभी होती. तिने हात आडवा धरला. "थांबा. आत गोरे साहेब आहेत."

काचेतून आतलं दिसत होतं. उंच, घामेजलेला एक परदेशी माणूस खुर्चीत बसला होता. त्याच्यासमोर कॉफी होती. दार अर्धवट उघडं असल्यामुळे बोलणंही ऐकू येत होतं. त्याचा व्हिसा गेल्या आठवड्यात संपला होता आणि त्याला ते आज, इथे आल्यावर कळलं होतं.

अधिकारी हसत होता. "सर, यू लव्ह नवी मुंबई टू मच!" तो म्हणाला, आणि परदेशी माणूसही हसला. कामाच्या गडबडीत असं होतं, विमान चुकणार नाही, काळजी करू नका, असं अधिकाऱ्याने त्याला समजावलं. उठताना हात मिळवला. दारापर्यंत सोडायला आला, आणि तिथेच त्याची नजर पुतळावर पडली.

"ही का?" त्याने अरुणाला विचारलं.

ऋषीने तेवढ्यात पुतळाच्या कानाशी येऊन भरभर सांगितलं, "हे बघ, काही झालं तरी आम्ही तुला मागून बोलावून घेऊ. दोन महिन्यांत. फक्त आत्ता गडबड नको करूस."

तिने मान हलवली.

केबिनमध्ये टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. ऋषी पहिलीत बसला. स्मिता दुसरीत बसली. तिसरीवर ऋषीने लॅपटॉपची बॅग ठेवली आणि तिच्यावर ईराच्या दुपट्यांची पिशवी. पुतळा ईराला घेऊन भिंतीपाशी उभी राहिली, जेवणाच्या टेबलाशी रोज उभी राहायची तशी, एका पायावर भार देऊन.

ऋषीने इंग्रजीत सुरुवात केली. कंपनीचं नाव घेतलं, आपलं पद सांगितलं. अधिकारी ऐकत होता. "वा, सर," "अरे वा," करत होता. त्याने दोघांसाठी पाणी मागवलं. पाणी आलं, तेव्हा त्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"बहीण ना ही तुमची, मॅडम?"

"हो. चुलत. काकांची मुलगी."

"मग उभी का?"

ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"अय्या, बस ना गं!" स्मिताने घाईघाईने पिशवी उचलली, बॅग मांडीवर घेतली. "लहान मूल घेऊन उभी काय तू!"

पुतळाने आधी ऋषीकडे पाहिलं. त्या फ्लॅटमध्ये ती जमिनीवर बसली होती, ईराच्या पाळण्याशेजारी पाटावर बसली होती. गादी असलेल्या कशावरही ऋषीसमोर कधी बसली नव्हती. ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. इतक्यात ऋषीचा फोन वाजला आणि तो उठला. तीही उठून उभी राहिली.

अधिकारी खुर्चीत मागे रेलला.

"असू दे, मॅडम," तो समजुतीने म्हणाला. "माझ्या घरी पण आहे एक. आम्ही पण घरातलीच म्हणतो तिला."

स्मिताचे कान लाल झाले. तिने पुढे वाकून ईराचा घसरलेला मोजा वर ओढला.

"ए, इकडे ये," अधिकाऱ्याचा आवाज बदलला. "किती शिकलीस?"

"नववी."

"वय?"

"सव्वीस."

"तीस पूर्ण नसलेल्या बाईला घरकामासाठी तिकडे सोडत नाहीत. का, माहितीय? तिकडे तुमच्यासारख्यांना कोंडून ठेवतात, मारतात. कायदा तुझ्याच भल्यासाठी आहे. आणि तू सरकारशीच खोटं बोलतेस? फिरायला चाललीस? तोंड बघितलंस का आरशात? नवऱ्याने पाठवलं की पळून चाललीस?"

पुतळा टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. ईरा तिच्या कानातल्या फुलाशी खेळत होती.

"सर," अधिकारी ऋषीकडे वळला. "तुम्हाला यातलं काही माहीत नसणार."

त्याने ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. दार उघडून धरावं तसं. ऋषी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे... ती म्हणाली होती की कागदपत्रं सगळी ओके आहेत. आम्ही विश्वास ठेवला."

"तेच. तुमच्यासारखी माणसं विश्वास ठेवतात." अधिकारी पुतळाकडे बघून म्हणाला, "कोणी शिकवलं, बहीण म्हणून सांगायला?"

पुतळाच्या बोटांना भेंडीचा चिकटपणा जाणवला. ताईंनी, एवढंच म्हणायचं होतं. मग कोणीच विमानात बसलं नसतं. ईराचं दूध गार होऊन फेकावं लागलं असतं आणि संध्याकाळी सगळे परत ऐरोलीला गेले असते. पण मग मस्कतही नाही आणि ऐरोलीही नाही. दोन महिने, ऋषी म्हणाला होता. दोन महिने निघतील कसे तरी.

"मीच," ती म्हणाली.

"बघ. कबूल केलंस ते बरं केलंस." त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि बोलत बोलत टाईप करू लागला. "आता तुझ्या नावापुढे शेरा पडणार. खोटी माहिती देऊन देश सोडण्याचा प्रयत्न. यापुढे कुठल्याही काउंटरला गेलीस तरी हे आधी दिसणार. परदेश विसर आता."

पुतळाने मान वर केली.

"म्हंजे दोन महिन्यांनी पन नाय?"

"दोन महिन्यांनी? काय, लग्नाचं आमंत्रण आहे का?" तो हसला. दारातली अरुणाही हसली.

पुतळा स्मिताकडे वळली. "ताई, तुमी सांगा ना. तुमी तरी सांगा त्यांना. आपन घरी कसं..."

"पुतळा," स्मिता हळू आवाजात म्हणाली, "बोर्डिंग सुरू झालंय गं."

ऋषी उठला. त्याने तिन्ही पासपोर्ट खिशात घातले आणि ईराला घ्यायला हात पुढे केले. ईराने त्याच्याकडे पाठ फिरवली. स्मिताने तिला काखेत हात घालून ओढलं, तशी ती किंचाळली. अशी किंचाळली की बाहेरच्या रांगेतली माणसं काचेला डोळे लावून आत बघू लागली. स्मिताने तिला थोपटलं, चावी वाजवून दाखवली, फोनवर चित्रं लावली. ईरा मागे वाकून दोन्ही हात पुतळाकडे फेकत राहिली.

"मॅडम, विमानात कसं होणार हो तुमचं?" अधिकारी कपाळ चोळत म्हणाला.

स्मिताने त्याच्याकडे पाहिलं, ऋषीकडे पाहिलं, आणि मूल परत पुतळाच्या हातात दिलं.

"झोपव हिला पटकन. झोपली की आम्ही नेतो."

"घ्या, घ्या. बस गं तिथे," अधिकारी म्हणाला. या वेळी खुर्ची त्यानेच पायाने पुढे सरकवली.

पुतळा पूर्ण मागे टेकून बसली. ईरा तिच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होती. पुतळाने तिच्या कानामागे अंगठा फिरवायला सुरुवात केली, वरून खाली, वरून खाली, आणि दुसऱ्या हाताने पाठीवर थोपटू लागली. हुंदके लांब लांब पडू लागले. अंग जड झालं. मानेवर गरम श्वास लागला.

पुतळाचा हात थांबला.

ईराने डोळे उघडले. बाहेर मस्कतच्या प्रवाशांसाठी सूचना झाली. ऋषीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, दारापर्यंत गेला, परत आला. स्मिता म्हणाली, "काय झालं? झोपत होती ना?" पुतळाचा तळवा बाळाच्या पाठीपासून थोडा वर, हवेतच होता. केबिनमध्ये सगळे त्या हाताकडे बघत होते.

ईराचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला.

पुतळाने हात खाली टेकवला आणि पुन्हा थोपटायला लागली.

झोपलेल्या ईराला स्मिताने उचललं, तेव्हा पोरीच्या मुठीत पुतळाची ओढणी होती. स्मिताने एक बोट सोडवलं, दुसरं सोडवलं, आणि मग थांबली.

"ही दे ना मला," ती म्हणाली. "तुझा वास आहे हिला. उठली आणि वास नाही मिळाला तर पुन्हा सुरू करेल. दोन-तीन रात्रींचा प्रश्न आहे. मग सवय होते गं त्यांना, लहान असतात."

पुतळाने गळ्यातून ओढणी काढून दिली. स्मिताने ती ईराभोवती नीट गुंडाळली, टोक तिच्या गालाखाली सारलं. घरातून निघताना म्हणावं तसं "येते हं" म्हणाली.

"हॅपी जर्नी, मॅडम. हॅपी जर्नी, सर," अधिकारी उठून म्हणाला.

अरुणाने पुतळाला आली त्याच वाटेने मागे नेलं. बॅगा घेतलेली माणसं समोरून येत होती आणि या दोघी उलट्या चालल्या होत्या. पुतळाने पासपोर्ट उघडून दोन्ही हातांनी छातीवर धरला होता.

"नीट धर तो," अरुणा म्हणाली. "पानं फाटतील."

"ओढनी नाय."

अरुणाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग पुढे बघून चालू लागली. बाहेरच्या दारापाशी तिने हाताने रस्ता दाखवला आणि आत निघून गेली.

ऊन होतं. गाड्यांमधून माणसं उतरत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. फोन वाजला. सासू होती, सखू.

"गो पुतला, इमानात बसलीस का?"

पुतळाने ओठ ओले केले. "आय, आयका ना..."

"आदी माजा आयक. तुजा फोन बंद होईल मंग. जाई निजली गो येकदाची. लय रडली, कोनाकडं राहीना, दाराची कडी सोडीना. आता मांडीवर हाय माज्या." सखूने आवाज आणखी खाली आणला. "तू फोन नको करूस चार-पाच दिस. तुजा आवाज आयकला का परत दारात जाऊन बसल. विसरू दे तिला जरा."

फोनमधून पंख्याची घरघर ऐकू येत होती. पुतळाने फोन कानाशी घट्ट दाबून धरला. पंख्याच्या खाली, अगदी बारीक, नाक चोंदलेल्या पोरीचा श्वास होता.

"आयकतेस ना गो?"

"हां."

"काय सांगत व्हतीस?"

शिट्टी वाजवत एक सुरक्षारक्षक तिच्याकडे आला आणि पुढे व्हा, इथे उभं राहायचं नाही, असा हात करू लागला. पुतळा दोन पावलं सरकली.

"काय नाय, आय," ती म्हणाली. "नाय करत फोन."